अपुऱ्या दिवसांचे पायाळू मूल

जन्मताना जे मूल डोक्याऐवजी पायांकडून जगात येते, त्याला मराठीत पायाळू म्हणतात. हा शब्द कानी पडला की जुन्या घरांतील पुष्कळ समजुती आठवतात. पायाळू माणसावर वीज पडते, म्हणून गडगडाट सुरू झाला की त्याला अंगणात जाऊ देत नसत. पायाळूच्या डोळ्यांत अंजन घातले तर त्याला भुईतले धन दिसते, असे म्हणत. कुणाच्या पाठीत चमक भरली तर पायाळूचा पाय पाठीला लावून घेत. या समजुतींत तथ्य नाही. परंतु त्यांच्यामागे एक अनुभव दडलेला असावा. पायांकडून येणारे मूल जगले, हेच पूर्वी इतके नवल होते की जगलेल्या मुलाला लोक जन्मभर वेगळे मानीत.

दुसरा शब्द सातमाशा. सातव्या महिन्यात जन्मलेले मूल एक वेळ जगते, पण आठव्यातले जगत नाही, असे घरोघरच्या वडीलधाऱ्या स्त्रिया सांगत. हा समज निव्वळ आपलाच नव्हे. सुश्रुतसंहितेत आठव्या महिन्यात ओज अस्थिर असते, म्हणून त्या वेळी जन्मलेले मूल टिकत नाही, असे कारण दिले आहे. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांतही आठव्या महिन्याच्या मुलाविषयी हीच भीती आढळते. आजचे शास्त्र याच्या उलट सांगते. गर्भाशयात काढलेला प्रत्येक आठवडा मुलाचे बळ वाढवतो; सातव्यापेक्षा आठवा बरा, आणि आठव्यापेक्षा नववा.

ही दोन्ही संकटे एकाच बाळंतपणात आली, म्हणजे वैद्यासमोर एक अत्यंत अवघड प्रश्न उभा राहतो. पूर्ण दिवस म्हणजे चाळीस आठवडे. अठ्ठावीस आठवड्यांपूर्वी जे मूल जन्मते, ते अत्यंत अपुऱ्या दिवसांचे समजतात. त्याचे वजन बहुधा एक किलोच्या आतबाहेर असते. असे मूल पायाळू असण्याचा संभवही मोठा. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलांत तीन-चारच पायांकडून किंवा नितंबांकडून येतात; अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास मात्र चार-पाच मुलांत एक तरी या स्थितीत असते, कारण डोके खाली करून फिरण्याची वेळ अद्याप आलेली नसते. अशा मुलाला नैसर्गिक वाटेने येऊ द्यावे, की आईचे पोट उघडून बाहेर काढावे? या एका प्रश्नाचा इतिहास वैद्यकाच्या सामर्थ्याइतकाच त्याच्या मर्यादांचाही इतिहास आहे.

बाळंतपणाच्या संकटाची आठवण बुऱ्हाणपूर शहराच्या इतिहासात कायमची कोरलेली आहे. १७ जून १६३१ रोजी शहाजहानची बेगम मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात याच शहरी मृत्यू पावली. तिचा देह प्रथम तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत ठेवला होता. त्या वर्षाच्या डिसेंबरात तो आग्र्यास हलवला. तिची नवजात मुलगी गौहरआरा मात्र वाचली आणि १७०६ पर्यंत जगली. बादशहाच्या पदरी हकीम होते, दाया होत्या, द्रव्याला तोटा नव्हता. तरीही आई वाचली नाही. त्याच बुऱ्हाणपूर जिल्ह्याच्या पूर्व भागात, खकनार तहसिलीत, देडतलाई हे गाव आहे. येथून पुढे महाराष्ट्रातील धारणी आणि मेळघाटचे डोंगर लागतात. या सीमेवरच्या टापूत कोरकू वस्ती मोठी आहे. अशा गावातील एखाद्या स्त्रीला सव्विसाव्या आठवड्यातच कळा लागल्या आणि मुलाचे पाय पुढे आहेत असे आढळले, तर काय करावे? चार शतकांत याचे उत्तर पुष्कळ पुढे सरकले. पण ते सरळ रेषेत सरकले नाही.

या प्रश्नाची भारतीय बाजू जुनी आणि मोठी आहे. सुश्रुतसंहितेत अडलेल्या गर्भाला मूढगर्भ म्हटले असून त्याचे प्रकार आणि उपाय स्वतंत्र अध्यायांत सांगितले आहेत. दोन्ही पाय आले असतील तर मूल सरळ ओढून घ्यावे. एकच आला असेल तर दुसरा पसरून घ्यावा. नितंब आले असतील तर ते वर लोटून पाय मोकळे करावेत व मग मूल काढावे, असा त्यातील क्रम आहे. हे काम केवळ स्पर्शाच्या आधाराने करावयाचे असल्याने याहून कठीण कर्म नाही, अशी कबुलीही ग्रंथकाराने दिली आहे. आणि आरंभ करण्यापूर्वी अधिपतीची अनुज्ञा घ्यावी, असेही बजावले आहे. संमतीचा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. मात्र ती संमती खुद्द आईची असावी, हा विचार फार पुढचा.

हे ज्ञान पाश्चात्त्य विद्यापीठापुढे मांडणारी पहिली मराठी स्त्री म्हणजे आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी झालेला त्यांचा मुलगा दहा दिवसांतच गेला, आणि त्या दुःखातून त्यांच्या वैद्यकीय शिक्षणाचा निश्चय दृढ झाला. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या एम. डी. झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यास त्यांचे निधन झाले. हे शास्त्र आपल्या मातीत रुजविण्याची संधी काळाने त्यांना दिली नाही.

युरोपात या विषयाची प्रगती प्रथम हाताच्या कौशल्याने झाली. सोळाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील आंब्रवाज पारे याने आडवे आलेले मूल आतल्या आत फिरवून पायांकडून काढण्याची जुनी रीत पुन्हा प्रचारात आणली. म्हणजे पायांकडून जन्म हे केवळ संकट नव्हते. अडलेल्या आईला सोडविण्याचा तो कित्येकदा एकमेव मार्ग होता. खरी अडचण शेवटी, डोक्यापाशी, येत असे. १६६८ मध्ये पॅरिसच्या मोरिसो याने मुलाच्या तोंडात बोट घालून हनुवटी छातीकडे वळवण्याची व डोके सोडवण्याची पद्धत लिहून ठेवली. पुढे इंग्लंडात विल्यम स्मेली आणि जर्मनीत फाइट यांनी तीत सुधारणा केल्या. विसाव्या शतकात अमेरिकेतील पायपर यांनी मागून येणाऱ्या डोक्यासाठी खास चिमटा तयार केला, नॉर्वेतील लोव्हसेट यांनी अडकलेले हात सोडवण्यासाठी मुलाचे अंग फिरवण्याची युक्ती सांगितली, आणि बर्लिनच्या ब्राख्ट यांनी उलटच उपदेश केला. मूल ओढू नका, ते आपल्या बळाने येऊ द्या आणि हात फक्त आधाराला ठेवा, असा त्यांचा आग्रह होता.

या साऱ्या पद्धती मुख्यतः पूर्ण दिवसांच्या मुलासाठी होत्या. अपुऱ्या दिवसांच्या मुलाची घडणच वेगळी. पूर्ण वाढलेल्या मुलाचे नितंब आणि डोके यांच्या आकारात फार अंतर नसते. नितंब बाहेर आले की डोक्यालाही वाट मिळण्याची शक्यता मोठी असते. पंचवीस-सव्वीस आठवड्यांच्या मुलाचे डोके अंगाच्या मानाने पुष्कळ मोठे असते. गर्भाशयाचे तोंड पुरते उघडण्याच्या आधीच त्याचे किडकिडीत पाय आणि धड घसरून बाहेर येतात, आणि डोके मात्र मागे अडकून राहते. अशा वेळी नाळ दाबली जाते व प्राणवायू तुटतो. गर्भाशयाच्या तोंडाला छेद देऊन डोके मोकळे करण्याचा उपाय ड्यूरसन या जर्मन डॉक्टरांच्या नावाने ओळखला जातो. पण तो करण्यास वेळ मिनिटांचा असतो, आणि आईच्या रक्तस्रावाची भीती असतेच. शिवाय या मुलाची कवटी मऊ आणि मेंदूतील रक्तवाहिन्या अतिशय नाजूक. थोड्या ताणानेही मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. पाय पुढे असले तर नाळ आधी बाहेर घसरण्याचा धोका वेगळाच.

एवढे ऐकल्यावर कोणालाही वाटेल की मग पोट उघडून मूल काढणे हाच सुरक्षित मार्ग. डॉक्टरांनाही तसेच वाटले. एके काळी सिझेरियन म्हणजे आईचा मृत्यू असाच अर्थ होता. १८८२ मध्ये जर्मनीतील मॅक्स झेंगर यांनी गर्भाशयाची जखम नीट शिवण्याची पद्धत घालून दिली. १९२० च्या दशकात ग्लासगोचे मन्रो केर यांनी गर्भाशयाच्या खालच्या पातळ भागात आडवा छेद घेण्याचा पुरस्कार केला; ती जखम चांगली भरून येई. पुढे रक्त देण्याची सोय झाली, पेनिसिलिन आले, आणि शस्त्रक्रियेची भीती ओसरली. १९५९ मध्ये राइट नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी पायाळू मुलांसाठी सरसकट सिझेरियनच करावे, असे मत मांडले. १९७० च्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या पायाळू मुलांनाही तोच नियम लावावा, असा सूर वाढला.

तथापि ही शस्त्रक्रिया अत्यंत अपुऱ्या दिवसांत दिसते तितकी सोपी नसते. सव्विसाव्या आठवड्यात गर्भाशयाचा तो खालचा पातळ भाग पुरता तयारच झालेला नसतो. आडवा छेद अपुरा पडला तर वरच्या जाड स्नायूत उभा छेद घ्यावा लागतो. एरवी मुलाचे डोके छेदातही अडकू शकते. त्या उभ्या छेदाचा व्रण पुढच्या गरोदरपणात फाटण्याचा धोका आडव्या व्रणापेक्षा पुष्कळ अधिक असतो. यासाठी पुढचे प्रत्येक बाळंतपण रुग्णालयात, शस्त्रक्रियेची तयारी ठेवून, आणि बहुधा कळा सुरू होण्यापूर्वीच करावे लागते. मोठ्या शहरातील स्त्रीला हे जमण्यासारखे आहे. डोंगरापलीकडच्या पाड्यावर परत जाणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत मात्र एका मुलासाठी घेतलेला छेद तिच्या पुढल्या मुलाच्या आणि तिच्या स्वतःच्या जिवावर बेतू शकतो. शस्त्रक्रियागृहात हा भावी धोका डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो विसरणे सोपे असते.

हा प्रश्न इतका उशिरा का ऐरणीवर आला, याचेही एक साधे कारण आहे. एवढी लहान मुले पूर्वी कोणत्याही वाटेने जन्मली तरी जगत नसत; मग वाटेची निवड कोण करणार? १८८० च्या सुमारास पॅरिसमध्ये तार्निए यांनी अशा मुलांसाठी ऊबेची पेटी वापरात आणली. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी दाखवून दिले की अकाली प्रसूतीपूर्वी आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले तर मुलाची फुप्फुसे लवकर तयार होतात व मृत्यू कमी होतात. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी फुप्फुसांना उघडे ठेवणारे द्रव्य थेट मुलाच्या श्वासनलिकेत देऊन पाहिले. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये मातेच्या दुधाची पेढी सुरू झाली. ती आशियातील पहिली समजली जाते. अशा उपायांनी जगण्याची सीमा अलीकडे अलीकडे सरकत गेली, आणि ती जसजशी सरकली तसतसा जन्माच्या वाटेचा प्रश्न अधिकाधिक लहान मुलांविषयी विचारला जाऊ लागला.

मग दोन्ही वाटांची तुलना करून निकाल का लावला नाही? तुलना पुष्कळ झाल्या. पण त्यांत एक खोट होती. जे मूल जगेल असे डॉक्टरांना वाटे, त्याच्यासाठी ते सिझेरियन करीत; ज्याची आशा सोडलेली असे, त्याला नैसर्गिक वाटेने येऊ देत. नंतर मोजदाद केली की सिझेरियनची मुले अधिक जगलेली दिसत. श्रेय शस्त्राचे की आधीच केलेल्या निवडीचे, हे त्यावरून कळत नसे. ही खोट काढण्याचा एकच उपाय म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे स्त्रियांचे दोन गट पाडून पाहणे. इंग्लंडात तसा प्रयत्न झाला. सव्वीस रुग्णालये सहभागी होणार होती. सतरा महिन्यांत केवळ तेरा स्त्रिया मिळाल्या आणि प्रयोग बंद करावा लागला. १९९६ मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. कळा देत असलेल्या, घाबरलेल्या स्त्रीला असा प्रश्न विचारणे कठीण. आणि आपलेच मत बरोबर अशी खात्री असलेल्या डॉक्टरांना तो विचारवत नाही. सिंगापूर आणि अमेरिका येथील असे प्रयत्नही लहानच राहिले. २०१३ च्या सुमारास अकाली जन्मांवरील अशा सर्व प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा हाती आले चार प्रयोग आणि ११६ स्त्रिया. तेवढ्यावरून निर्णय देता येत नाही, हाच निष्कर्ष निघाला.

दरम्यान २००० साली एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. २६ देशांतील २०८८ स्त्रियांचा त्यात समावेश होता, आणि पायाळू मुलांना योजलेले सिझेरियन अधिक सुरक्षित ठरले. पण तो पूर्ण दिवसांच्या मुलांचा होता. तरी त्याची छाया लहान मुलांवरही पडली, आणि पायाळू मूल हाताने सोडवण्याची विद्या तरुण डॉक्टरांच्या बोटांतून जाऊ लागली. २०१८ मध्ये पंधरा अभ्यासांतील बारा हजारांहून अधिक अत्यंत अपुऱ्या दिवसांच्या पायाळू मुलांची माहिती एकत्र केली, तेव्हा सिझेरियनच्या बाजूला मृत्यू व मेंदूतील तीव्र रक्तस्राव कमी आढळले. ही सारी मुले जगवण्याचा पूर्ण प्रयत्न झालेली होती. पुढच्याच वर्षी फ्रान्समधील देशव्यापी पाहणीत, सव्वीस ते चौतीस आठवड्यांच्या मुलांमध्ये, आधी ठरवलेल्या वाटेमुळे तसा फरक दिसला नाही. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१७ मध्ये सल्ला दिला तो सावध आहे: आपोआप कळा सुरू झालेल्या अपुऱ्या दिवसांच्या पायाळू मुलाला सरसकट सिझेरियन करू नये, बावीस ते पंचवीस आठवड्यांच्या उंबरठ्यावर तर नेहमीचा नियम म्हणून करूच नये, प्रत्येक स्त्रीचा विचार वेगळा करावा.

वेगळा विचार म्हणजे काय, हे समजून घेण्यासारखे आहे. डॉक्टर प्रथम दिवस मोजतात, कारण तेविसावा आणि सत्ताविसावा आठवडा यांत मुलाच्या आयुष्याचा फरक असतो. मग मुलाचे वजन, त्याच्या हृदयाचे ठोके, पाय पुढे की नितंब, नाळ कोठे आहे, गर्भाशयाचे तोंड किती उघडले, हे पाहतात. प्रसूती अगदी टेकली असेल तर घाईने पोट उघडण्यात लाभ थोडा व धोका अधिक. आईला जंतुदोष आहे काय, रक्तस्राव आहे काय, रक्तदाब वाढला आहे काय, हे पाहतात. आईच्या किंवा मुलाच्या प्रकृतीसाठी कळांपूर्वीच प्रसूती करावी लागणार असेल तर सिझेरियनकडे कल झुकतो. पाण्याची पिशवी शाबूत असेल तर ती मुद्दाम फोडत नाहीत, कारण ती मुलाच्या अंगाभोवती उशीसारखी असते. समोर पायाळू मूल सोडवण्यास सरावलेला हात आहे काय आणि शेजारी नवजात मुलांचा सुसज्ज कक्ष आहे काय, हेही पाहतात. शेवटी आईवडिलांशी बोलतात: जगण्याची आशा किती, अपंगत्वाची भीती किती, आणि आईच्या पुढच्या बाळंतपणावर परिणाम कोणता.

या यादीतील एका गोष्टीचे महत्त्व मराठी मुलखातील अनुभवाने फार स्पष्ट झाले. अकाली कळांत स्टेरॉइड देण्याचा उपाय गावपातळीवर नेऊन पाहणारा एक आंतरराष्ट्रीय प्रयोग सहा देशांत झाला. भारतातील त्याची केंद्रे नागपूर आणि बेळगाव ही होती. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल चकित करणारा होता. अतिशय लहान मुलांचे मृत्यू घटले नाहीत, उलट एकूण नवजात मुलांत मृत्यू थोडे वाढलेले दिसले. पाच वर्षांनी, भारतासह पाच देशांतील २८५२ स्त्रियांवर, रुग्णालयांत दुसरा प्रयोग झाला. तेथे दिवस नीट मोजलेले होते आणि जन्मलेल्या मुलाची निगा राखण्याची सोय होती. तेथे त्याच औषधाने मुलांचे मृत्यू कमी झाले. औषध एकच, पण भोवतालची व्यवस्था निराळी. जन्माच्या वाटेलाही हेच लागू पडते. मुलाला श्वास देण्याची, ऊब देण्याची सोय जेथे नाही, तेथे आईच्या पोटावर घेतलेला छेद मुलाला वाचवत नाही. तो फक्त आईवर व्रण ठेवून जातो.

व्यवस्था म्हणजे केवळ यंत्रे नव्हेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत साध्या खेडुत स्त्रियांना नवजात मुलांची निगा राखण्यास शिकवले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार तेथील नवजात मृत्यू, तुलनेच्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटले. एक किलोच्या आतले मूल घरी वाचवणे याहून फार कठीण आहे, हे खरे. पण जाणत्या माणसाची नजर घरापर्यंत पोहोचली तर किती फरक पडतो, हे या कामाने दाखवले. आणि प्रसूतीच पुढे ढकलता आली तर सर्वांत उत्तम. गोव्यातील शिरोड्याचे डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी १९५५ मध्ये, गर्भाशयाचे तोंड अकाली उघडू नये म्हणून ते टाक्याने आवळून ठेवण्याची आपली रीत प्रसिद्ध केली. जगभर तो टाका शिरोडकरांच्या नावाने ओळखला जातो. सर्व स्त्रियांना तो लागू पडत नाही. पण ज्यांचे मुख अशक्त असते, अशा काही स्त्रियांच्या बाबतीत अपुऱ्या दिवसांच्या जन्माचा प्रश्नच त्याने टळतो.

आता देडतलाईच्या त्या स्त्रीकडे पुन्हा वळावे. सव्विसाव्या आठवड्यात तिच्या ओटीपोटात कळा येऊ लागल्या, पाणी गेले किंवा रक्त दिसले, तर सर्वांत मोठा निर्णय शस्त्रक्रियागृहात होत नाही. तो तिच्या घराच्या उंबऱ्यावर होतो. ‘अजून दिवस भरले नाहीत, पोट दुखत असेल’ असे म्हणून घालवलेले तास परत मिळत नाहीत. एवढ्या लहान मुलाला जन्मानंतर गाडीत घालून नेण्यापेक्षा, ते आईच्या पोटात असतानाच तिला मोठ्या रुग्णालयात पोहोचवणे कितीतरी सुरक्षित. आईच्या गर्भाशयासारखी ऊबेची पेटी अद्याप कोणी घडवलेली नाही. वेळेवर पोहोचलेल्या आईला स्टेरॉइड मिळते आणि नवजात मुलांचा कक्ष तयार राहतो. तिथेच डॉक्टरांना निवड करण्याइतका अवधीही मिळतो. उशिरा पोहोचलेल्या आईसाठी निवड उरतच नाही. मूल येईल त्या वाटेने येते. आणि शेवटची पाळी नक्की केव्हा आली हे जिच्या घरी टिपून ठेवलेले असते, तिच्या मुलाच्या बाबतीत डॉक्टरांचा अंदाज चुकण्याची भीती कमी असते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील एक खूण पुष्कळदा महागड्या यंत्राइतकी उपयोगी पडते.

१६३१ मध्ये बुऱ्हाणपुरात बादशहाला द्रव्य देऊनही जे मिळाले नाही, त्यातील पुष्कळसे आज साध्या कुटुंबालाही मिळणे शक्य आहे. मात्र ते देडतलाईच्या वाटेवर वेळेत पोहोचावे लागते. पायाळू मुलाला भुईतले धन दिसते, असे आपले पूर्वज म्हणत. एवढ्या दिवसांआधी आणि अशा वाटेने येऊन जे मूल जगते, तेच आपल्या घराचे धन असते.